लाल हातमोजे

वहिनीसाहेब तुळशीच्या पानाने हातमोज्यांवर गोमूत्र शिंपडत होत्या. बॉक्सिंगचे, लाल हातमोजे. दहा मिनिटांपूर्वी ते माझ्या हातांत होते. विसरलेला चष्मा घ्यायला मी परत आले आणि दारातच थांबले.

त्यांनी मला पाहिलं. लाजल्या नाहीत.

"मनावर घेऊ नका मॅडम. घरात देवघर हाय. सासूबाई बोलतात. मला काय न्हाय त्याचं."

मी म्हणाले, "असू दे." चष्मा घेतला. घरी आले.

नातवंडांनो, त्या 'असू दे'ची लाज मला अजून वाटते. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलनीत तेव्हा घरोघरी सीडी प्लेअर येत होते. शेजारच्या वहिनीसाहेबांच्या मुलाने परदेशातून व्यायामाची सीडी पाठवली. बॉक्सिंगसारखे हवेत ठोसे मारायचे, घाम गाळायचा. सोबत हातमोज्यांचा एकच जोड. रोज सकाळी सात-आठ बायका त्यांच्या हॉलमध्ये जमायच्या. पण पडद्यावरची बाई भराभर इंग्रजी बोलायची. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, एकीचा ठोसा दुसरीच्या खांद्यावर. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. म्हणून मला बोलावणं आलं. टीव्हीशेजारी उभी राहून मी मराठीत सांगायचे. "डावा सरळ. उजवा आडवा. आता खाली वाका." दोन महिने.

हातमोजे रोज एकीला. पाळीपाळीने. माझी पाळी आलीच नाही. मी समोर उभी असते म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी त्या बायकांमधल्या शालनताईंनी स्वतःच्या हातांतले काढून माझ्या हातांत घातले. "मॅडम, तुम्ही बी हाणा की एक." सगळ्या हसल्या. मी ठोसा मारला. मजा आली, खोटं का बोलू.

लहानपणी गावी, नेसरीच्या शाळेत माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आम्ही बौद्ध झालो. मी एम.ए. झाले. ती ओंजळ मागे राहिली, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. सीडी सुरू झाली. बायका मुठी आवळून माझ्या आवाजाची वाट बघत होत्या. मी टीव्ही बंद केला.

"काल माझे हात लागले म्हणून हातमोज्यांवर गोमूत्र शिंपडलं. माझा आवाज दोन महिने तुमच्या कानांत जातोय. त्यावर काय शिंपडता?"

शालनताई फरशीकडे बघत राहिल्या. वहिनीसाहेब म्हणाल्या, "चहा टाकलाय. घेऊन जावा." मी निघाले. माझ्यामागे कुणी आलं नाही.

आठवड्याने वहिनीसाहेब माझ्या दारात. हातात पिशवी.

"तुमच्याबिगर सगळ्या चुकतात बघा. हा नवा जोड आणलाय, खास तुमच्यासाठी. दुसरं कुणी हात लावणार न्हाय."

आपण मोठेपणा दाखवतोय, असं त्यांना खरंच वाटत होतं.

"वेगळा नको," मी म्हणाले. "तोच लाल आणा. आधी मी घालीन. मग माझ्या हातांतून काढून तुम्ही घाला. न शिंपडता. त्या दिवशी येते."

"असं कसं ओ मॅडम?"

"असंच."

पिशवी घेऊन त्या परत गेल्या. लाल जोड आला नाही.

मी अजूनही रोज सकाळी माझ्या हॉलमध्ये नुसत्या मुठींनी ठोसे मारते. आजी, फोनवर धापा का टाकतेस, असं तुम्ही विचारता. त्याचं उत्तर हे. ज्या घरात माझा हात चालत नाही, तिथं माझं इंग्रजी मी नेणार नाही. तुम्हीही तुमचं नेऊ नका.