दाजींच्या अंगठ्याची सुतळी

माझ्या दाजींइतकी झोपेची तयारी करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. लोक लग्नाला निघताना करत नाहीत एवढा सरंजाम दाजी झोपायला निघताना करत. आधी खिडकीला गोधडी, मग दाराच्या फटीत पोतं, मग नळाच्या तोटीला चिंधी, कारण थेंब पडतो. भिंतीवरचं घड्याळ उतरवून ते पिठाच्या डब्यात जाई, त्यामुळे दिवसा किती वाजले हे आम्हाला कणीक मळायची वेळ आली की कळायचं. हे सगळं झालं की दाजी अंथरुणावर मांडी घालून पूजेला बसल्यासारखा चेहरा करत आणि केशरी स्पंजाची दोन बुचं पिळून पिळून कानांत घालत. वरून मफलर, मे महिन्यातसुद्धा. आणि हा सोहळा सकाळी साडेआठला चालायचा, कारण दाजी वाळूजच्या एका कारखान्यात पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या पॉवर प्रेसवर होते आणि महिन्यातले पंधरा दिवस तरी त्यांची रात्रपाळी असे. कॉलेजसाठी मी औरंगाबादला आलो तो बजाजनगरला अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन खोल्यांत चार वर्षं राहिलो. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दाजींच्या झोपेबद्दल माझ्याइतकं अधिकारानं बोलणारं आता कुणी उरलेलं नाही.

गंमत अशी की मुळात दाजींची ख्याती होती ती त्यांच्या कानांबद्दलच. त्यांचं घराणं मेंढपाळांचं, लासूर स्टेशनच्या पलीकडचं. लहानपणी म्हणे पडल्या जागेवरून, नुसत्या घंटीच्या आवाजावर, कुठली मेंढी कळप सोडून चालली ते दाजी सांगत. तोच कान त्यांनी कारखान्यात आणला. प्रेसचा ठोका ऐकून डायची, म्हणजे साच्याची, धार बसली का नाही हे त्यांना कळे, आणि साहेब मोजमापाची हत्यारं शोधेपर्यंत दाजींनी मशिन थांबवलेलं असे. कानांच्या बचावासाठी कारखान्यातून दर महिन्याला प्रत्येकाला बुचांची एक जोडी मिळायची. पण ती कामावर घालणं म्हणजे दाजींच्या लेखी डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडी हाकणं. "कान बंद करून मशिन कसं चालवावं माणसानं? ते काय बोलायलंय ते ऐकाय नको का?" असं म्हणून ती जोडी डब्यातून घरी येई आणि झोपेच्या कामी लागे. एकटे दाजीच नव्हेत, आमच्या गल्लीतले सगळे प्रेसवाले हेच करत. आठ तास लोखंडाच्या ठोक्यांत उघडे कान, आणि घरी आल्यावर भंगारवाल्याच्या आरोळीला भिऊन बुचं. त्यात काही उलटं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मी तर बी.एस्सी. करत होतो.

ती बुचं अक्का दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन ताटलीत घालून खिडकीत वाळवायची. एकदा माझी आई गावाहून आली आणि तिनं ती ताटलीतली चार बुचं सांडग्यांबरोबर कढईत सोडली. "तुझ्या शेहरातला सांडगा फुलंना गं," अशी तिची तक्रार होती. दाजी उठले, त्यांनी धूर बघितला, वास घेतला आणि सासूला एवढंच म्हणाले, "मामी, सोबत माझा कान तळला नाय, एवढे उपकार झाले." पुढं पुढं दाजी लग्नातही बँडच्या भीतीनं बुचं घालून जाऊ लागले आणि कुणी काहीही विचारलं की हसून "व्हय व्हय" म्हणू लागले. अशाच एका व्हयपायी त्यांना मंगलाष्टक म्हणावं लागलं. कानांत बुचं असली की आपलाच आवाज डोक्यात मोठा घुमतो. दाजींना वाटलं आपण मांडव दणाणून सोडला, प्रत्यक्षात ते नवरीलासुद्धा ऐकू गेलं नाही. लोकांनी त्यांच्या ओठांकडे बघून बघून अक्षता टाकल्या.

पण एक दिवस असा आला की हसणं जरा मागं पडलं. सुटीचा दिवस होता आणि सकाळपासून वीज गेली होती. पंखे बंद, टीव्ही बंद, पिठाची गिरणी बंद, सगळं बजाजनगर कधी नव्हे ते चिडीचूप. दाजी जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "काय वाजायलंय?" काहीच वाजत नव्हतं. दाजींनी ताट सरकवलं आणि शोध सुरू केला. मीटरला कान लावला, पाण्याच्या टाकीवर चढले, शेजारच्यांचा बंद फ्रिज भिंतीपासून ओढून त्याच्या मागं बसून राहिले. दोन दिवस हे चाललं. शेवटी अक्कानं त्यांना ओट्याशी उभं केलं, दोन्ही तळवे त्यांच्या कानांवर घट्ट दाबले आणि ओठ हलवून विचारलं, "आता?" दाजींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "आता जास्त वाजायलंय." मला ते म्हणाले, "घंटी ऐकू यायलीय, पाव्हणं, अन् मेंढरू कुठंच दिसंना." मी हसलो होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की ठोक्यांनी नस थकली आहे, हा आवाज आता जन्माचा सोबती, आणि झोपताना बुचं घालू नका, उलट पंखा किंवा रेडिओ बारीक चालू ठेवा, म्हणजे त्यात तो बुडेल. शहागंजातल्या एका जडीबुटीवाल्या अत्तारानं लसणाचं तेल दिलं, त्यानं घरभर फोडणीचा वास सुटला एवढंच. दाजींनी बुचं काही सोडली नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बुचं घातली की एक तरी पक्कं कळतं. जे वाजायलंय ते माझंच हाय. नायतर दाराची कडी वाजली का कान वाजला, हेच बघत दिवसभर उठत बसावं लागतं." मात्र त्यांना उठवणं हे मोठंच काम होऊन बसलं. दोनदा कारखान्याची बस चुकली तेव्हा अक्कानं तोडगा काढला. पोत्याची एक लांब सुतळी घेतली, एक टोक दाजींच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसऱ्या टोकाची अंगठी करून ती स्वतःच्या बोटात घातली. एक हिसका म्हणजे चहा झाला, दोन म्हणजे कुणी आलंय, तीन म्हणजे बस. पलीकडून डोळे न उघडता दाजी ओरडत, "आलो गं!" जावयाला दावणीला बांधलेलं पाहून माझी आई चार दिवस कुणाशी बोलली नाही. पण नवराबायकोत याहून कमी भांडणं मी तरी कुठल्या घरात पाहिली नाहीत.

दाजी निवृत्त झाले, मी शहरातच मास्तर झालो, आणि नेमकी तेव्हा अक्काच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. चार पावलं टाकली की तिला धाप लागे आणि आवाज अगदी खोल जाई. रात्रभर दाजी तिच्या उशाशी बसत. दुपारी तिच्या कॉटपासून दोन हातांवर खाली सतरंजी टाकून पडत. पहिले काही दिवस त्यांनी बुचं घातली नाहीत, तिची हाक ऐकू यावी म्हणून. पण कानातली घंटी आणि अक्काची हाक यांतला फरक त्यांना कळेना. दर पाच मिनिटांनी ताडकन उठून ते "काय गं?" म्हणून विचारत आणि ती बिचारी दचकून जागी होई. शेवटी तिनंच फर्मान काढलं. "बुचं घाला अन् गपचूप झोपा. मी हाय की सुतळी ओढायला." जुनी सुतळी पुन्हा निघाली. अंगठ्याला एक टोक, बोटात दुसरं.

त्या दुपारी मी तिथंच होतो. दाजी गाढ झोपले होते, घोरत होते. अक्का म्हणाली, "जरा घाबरल्यागत व्हायलंय रे." मी म्हणालो, "दाजींना उठवतो," आणि सुतळीला हात घातला. तिनं माझा हात बाजूला केला, बोटातली सुतळीची अंगठी काढून चादरीवर ठेवली. म्हणाली, "नको. झोपू दे त्यांला. लई दिसानं डोळा लागलाय." मग म्हणाली, शहाळं मिळालं तर बघ. मी गेलो. चौकात शहाळी संपली होती म्हणून पुढच्या चौकात गेलो. परत आलो तेव्हा अक्का गेली होती. दोन हातांवर दाजी तसेच घोरत होते. मी त्यांना खांद्याला धरून हलवलं. सुतळी ओढायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाजी एकच विचारत. "तिनं ओढली असंल का? अन् मला कळलं नसंल?" सुतळीची अंगठी चादरीवर पडलेली त्यांनी पाहिली होती. ओढता ओढता निसटली का आपोआप गळून पडली, हे त्यांना सुटत नव्हतं. मलाही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मी शहाळ्याला गेलो होतो." ते खरं होतं, पण निम्मं होतं. उरलेलं निम्मं सांगितलं असतं तर दाजी म्हणाले असते, मग तुम्ही का नाही ओढली? मी भ्यालो, दुसरं काही नाही.

महिनाभरानं दाजींनी मला बोलावून घेतलं. नवी डाय बसवली की दहा नग काढून बघायचे, दहाच्या दहा बरोबर उतरले तरच ती पास, ही त्यांची जन्माची रीत. तीच त्यांनी सुतळीला लावली. दर रविवारी दुपारी ते बुचं, मफलर, सगळा सरंजाम करून सतरंजीवर झोपणार, मी अक्काच्या कॉटवर बसून सुतळी ओढायची, आणि ते उठतात का बघायचं. "झोप खरी पाहिजे, सोंग नको," ते म्हणाले. "अन् हळू ओढा बरं का. तिच्यात जोर राह्यला नव्हता." अक्काच्या बोटाच्या मापाची ती अंगठी माझ्या बोटात पेराच्या पुढं जात नसे. पहिल्या रविवारी मी अगदी करंगळीनं ओढावी तशी ओढली. झोपेतूनच दाजी ओरडले, "आलो गं!" मग डोळे उघडले, मला पाहिलं, आणि भिंतीवर खडूनं एक रेघ मारली. असे दहा रविवार गेले. दहाही वेळा दाजी "आलो गं" म्हणून उठले आणि दहाही वेळा मला पाहिलं. ती कॉट तेव्हा मला खायला उठायची.

दहावी रेघ मारून दाजी म्हणाले, "दहातून दहा. म्हंजी तिनं ओढलीच नाय." मला वाटलं आता माणूस सुटला. पण ते खडू हातात धरून तसेच उभे राहिले. "पण का नाय ओढली, पाव्हणं? माझ्यावर राग होता का तिचा?"

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, खाली मान घालून, पुटपुटत. दाजी म्हणाले, "काय?" बुचं काढली तरी आता त्यांना कमीच ऐकू येत होतं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागं तळवा धरला. तेव्हा मी ओरडलो, "झोपू दे त्यांला, म्हणाली! लई दिसानं डोळा लागलाय, म्हणाली! मी उठवत होतो, मला नको म्हणाली!" समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. तीन महिने जे मनात दडवून ठेवलं होतं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. मी रडत होतो. दाजी कॉटच्या कडेला बसले आणि त्यांनी चादरीवरून हात फिरवला. ज्या प्रश्नाला मी भ्यालो होतो तो त्यांनी विचारलाच नाही. मग म्हणाले, "ती नको म्हणल्यावर तुम्ही तरी काय करणार? माझं तरी कवा चाललं तिच्यापुढं?"

पुढच्या रविवारी मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीला गोधडी नव्हती, घड्याळ भिंतीवर टिकटिकत होतं. दाजी सतरंजीवर झोपले होते, मफलर नाही, कानांत बुचं नाहीत. मागच्या वेळी मी निघताना ते म्हणालेच होते, "वाजायलंय तर वाजू दे आता. घरात दुसरं हाय तरी काय वाजायला?" अंगठ्याला सुतळी मात्र होती, आणि तिचं दुसरं टोक कॉटवर, अक्काच्या हाताच्या जागी. मी जाऊन तिथं बसलो. शाळेत पाहुण्यांसाठी आणलेलं फरसाण उरलं होतं ते दाजींसाठी बांधून आणलं होतं, चहाही टाकायचा होता. सवयीनं सुतळी बोटात घातली. दाजींचं तोंड किंचित उघडं होतं, श्वास सावकाश चालला होता. फार दिवसांनी त्यांना अशी झोप लागली असावी. मी सुतळीची अंगठी बोटातून काढली आणि चादरीवर ठेवली. ते आपणहून उठेपर्यंत तिथंच बसून राहिलो. या वेळी मी कुठं गेलो नाही.