हसनाबादची नर पाल

जालन्यातल्या मस्तगडहून निघाले तेव्हा पिशवीत दशम्या होत्या आणि शेजारी नात, सई. ती पालींवर संशोधन करते. नातेवाइकांना मी हे अजून नीट सांगितलेलं नाही. हसनाबादच्या एका गोठ्याच्या दगडी भिंतीत तिला कुठल्याच पुस्तकात नसलेली मादी सापडली होती. आता नर हवा होता. नराच्या मांडीखालची छिद्रं मोजल्याशिवाय जात नवी म्हणून सांगता येत नाही म्हणे. नाहीतर मादी बरणीत बिननावाचीच राहणार.

मी सोबत का? नवी नवरी असताना भिंतीवरची पाल पाहून मी पाण्याच्या हौदात उडी मारली होती. पाल जागची हललीही नव्हती. त्या घाबरट नवरीची जिरवायला निघाले.

बसमधून उतरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस. गोठ्याच्या मालकीण कौसाबाई दारातच उभ्या होत्या.

"या मावशी! पाव्हणे येनार म्हनून गोठा बिलकुल साफ केला. कडुलिंबाचा धूर दिला. एक पाल ठेवली न्हाई!"

सई मटकन बाजेवर बसली.

"अगं बाई, रडून काय राह्यली? तुला किळस येईल म्हनून तर केलं."

मग पिठलं, भाकरी, ठेचा आला. सई जेवली नाही. मी दोघींचं जेवले आणि विचारलं, "गेल्या कुठं त्या?"

"जातील कुठं? पलीकडं, माझ्या जावेच्या गोठ्यात. भिंत एकच हाय."

पलीकडे गेलो. कौसाबाईंची जाऊ, शांताबाई, दारात आडव्या उभ्या. "आमच्यात पाली? तिनंच सांगितलं असंल!"

सई शास्त्र समजावू लागली. मी तिला मागे ओढलं. "राहू दे गं. नवी जात कौसाबाईंकडंच निघाली, असं छापून येऊ दे."

शांताबाईंनी पदर खोचला. "का म्हनून? आमच्याकडं तिच्यापरीस मोठ्या हायेत. या आत, जल्दी!"

कडब्यामागच्या फटीत ती होती. बोटाएवढी, मातकट, पाठीवर ठिपके. मी बॅटरी धरली. बॅटरी हलत होती असं सई म्हणते. संशोधकांनी पालीकडे पाहावं. सईनं तिला अलगद उताणं केलं, भिंग लावलं, पुन्हा लावलं.

"आजी, नर!"

परतीच्या बसमध्ये सईनं सगळ्या दशम्या खाल्ल्या.

पुढे लेख छापून आला. शेवटी दोघींचे आभार. शांताबाईंचं नाव आधी, नर त्यांच्याकडे मिळाला म्हणून. लगेच कौसाबाईंचा फोन.

"मावशी, मी धूर दिला म्हनून तो तिकडं गेल्ता. हे लिहिलं का न्हाई?"

नव्हतं लिहिलं. शास्त्रात पाहुणचार बसत नाही म्हणे. म्हणून मी इथे लिहिते आहे.