मेथीची जुडी

ऐंशीच्या दशकात बेलापूरजवळच्या भरावाच्या मैदानावर आम्ही हौशी मंडळी रविवारी गाड्या पळवायचो. चुन्याच्या रेघा, वळणावर रिकामी पिंपं, आणि घड्याळ लावून एका वेळी एकच गाडी सोडायची.

एकदा माझ्या गाडीचा फॅनबेल्ट ऐन वेळी तुटला. शेजारी स्टेपनीवर बसून एक बाई मेथी निवडत होत्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "आमच्या गाडीचा घ्या ना. यांची फेरी झाली की काढून देतील."

म्हणून मी तिथंच थांबलो. त्यांच्या यजमानांनी शेवटचं वळण असं काही घेतलं, की दोन चाकं हवेत! मी दोन पावलं पुढे धावलोच. बाईंची मात्र मान खाली आणि बोटं भराभर चाललेली. "सवय झालीय," त्या म्हणाल्या. "मी बघतसुद्धा नाही."

गाडी धडपणे परत आली. यजमानांनी हसत हसत बेल्ट काढून दिला, माझीही फेरी पार पडली. बेल्ट परत करायला गेलो, तर बाई तीच मेथी पुन्हा निवडायला बसलेल्या. पातेल्यात नुसत्या काड्या होत्या, आणि कोवळी पानं सगळी कचऱ्याच्या कागदावर.

मी पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मोठा श्वास सोडला, खुदकन हसल्या, आणि बॉनेटखाली वाकलेल्या नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "यांना सांगू नका हं. उगीच हळू चालवतील."