थंडीच्या नावावर खपवलेली बॅटरी

जालना रोडवर जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसानं मला फसवलं. माझ्या मुलीच्या गाडीची बॅटरी गुदमरत होती, आणि तो मला थंडीचं कारण सांगत राहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तो इतकं गोड बोलणार आहे की वाचणाऱ्यालाही त्याचंच खरं वाटायला लागेल. मलाही वाटलं होतं.

मी सहसा कुणाला सापडत नाही. दुसऱ्याच्या शेडमध्ये पत्रा कापायला लागलो होतो, आज वाळूजला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. कारखान्यातल्या ब्लोअरना हवा नेणारे पत्र्याचे डक्ट आम्ही बनवतो. भावकीत कुणाला प्लॉट घ्यायचा असो की लग्नाचा मंडप ठरवायचा असो, पहिला फोन मला येतो. तुम्ही काही बोलू नका, नुसते शेजारी बसा, म्हणतात. मी शेजारी बसलो की समोरचा आपोआप नरम पडतो.

मुलीला बिडकीनच्या एका कंपनीत नोकरी लागली. आम्ही राहतो हर्सूलला. म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडून पैठण रोडला लागायचं. कंपनीची बस आमच्या भागात येत नाही. त्यासाठी अंधारात रिक्षा धरून क्रांती चौक गाठावा लागतो. स्वतःची गाडी हवी, हा तिचा हट्ट होता आणि तो बरोबर होता. हायब्रिड तिनंच निवडली. पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला मोठी बॅटरी. ब्रेक लावला की बॅटरी भरते आणि गर्दीत हळू चालताना इंजिन बंद राहून गाडी बॅटरीवर सरकते. रोजच्या एवढ्या पल्ल्याला हीच परवडेल, असा तिचा हिशोब. नवी झेपत नव्हती म्हणून जुनी बघायला निघालो.

विकणारा पैठण तालुक्यातला निघाला. माझी आत्या त्याच्या शेजारच्या गावात दिलेली. एवढं कळायचा अवकाश, त्यानं मला 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली. पाहुणे, बसा. पाहुणे, तुमच्याकडून काय कमवायचं. मी दोनदा उठून फाटकापर्यंत गेलो, दोनदा त्यानं बोलावून आणलं. शेवटी भाव माझ्या मनासारखा झाला आणि बॅटरीची वर्षभराची गॅरंटीही त्यानं लिहून दिली.

पण सौदा झाला म्हणून मी लगेच हात मिळवत नाही. हात पुढं करतो, समोरच्याचा हात धरून ठेवतो आणि विचारतो, "वर काय?" लहानपणी किराणा आणायला गेलो की दुकानदार गुळाचा खडा हातावर ठेवायचा, तेव्हापासूनची ही सवय. वर काही मिळालं नाही तर मला सौदा अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. तो हसला आणि म्हणाला, सीट कव्हरं देतो. मरून रंगाची, जाड, लेदरसारखी दिसणारी. मुलगी म्हणाली, पप्पा, मूळच्या सीट चांगल्या आहेत, कशाला? मी म्हटलं, राहू दे, वरची आहेत. त्याच्याच शेडमध्ये, त्याच्याच माणसांनी, माझ्या डोळ्यांसमोर ती चढवली. मागच्या सीटला तर इतकी ताणून बसवली की एक सुरकुती दिसेना.

दिवाळीनंतर थंडी पडली. हर्सूलला तलावाकडून असा गारठा येतो की सकाळी स्टिअरिंगला हात लावता येत नाही. गाडीचं ॲव्हरेज घसरायला लागलं. त्यानं चोवीस सांगितलं होतं, मुलीला सतरा पडत होतं. मी फोन केला.

"पाहुणे, थंडी बघा ना," तो म्हणाला. "थंडीत बॅटरी आळसावते. तुम्ही तरी उठता का पहाटं पटकन?"

आम्ही दोघंही हसलो. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

तो सांगत होता ते खोटं नव्हतं, हीच त्याची हुशारी. मी चार ठिकाणी विचारलं. सगळ्यांनी सांगितलं की गार बॅटरी चार्ज लवकर घेत नाही, इंजिन गरम होईपर्यंत बंद होत नाही आणि हीटर लावला तर ते चालूच राहतं. मग त्यानं सल्ला दिला, हीटर लावू नका. माझी मुलगी अख्खा हिवाळा आईची शाल गुंडाळून आणि माझी कानटोपी घालून गाडी चालवत गेली. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन तिला 'या आजी' म्हणायचा. ती घरी येऊन हसत सांगायची.

तिनंच एकदा विचारलं, "पप्पा, येताना तर ऊन असतं. मग येतानासुद्धा ॲव्हरेज का कमी?"

मी तोच प्रश्न त्याला विचारला. रात्रभर गारठलेली गाडी दिवसभर तो गारठा सोडत नाय, म्हणाला. मला ते पटलं नाही. मी गाडी नेऊन त्याच्या दारात उभी केली आणि म्हटलं, बघून द्या. संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. गाडी परत आली ती चकाचक होऊन. सीट कव्हरं काढून, धुऊन, सेंट मारून पुन्हा चढवलेली. बॅटरी एकदम निरोगी आहे पाहुणे, त्यानं सांगितलं, होळी होऊ द्या, थंडी गेली की बघा कशी पळते.

होळी झाली. रस्त्यावर डांबर मऊ पडायला लागलं. ॲव्हरेज वाढायचं सोडून आणखी उतरलं. आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. मागच्या सीटच्या बाजूनं घोंघों आवाज यायचा, कुणीतरी मागं टेबलफॅन लावून बसल्यासारखा. मी फोन केला तर तो उचलेना. मग एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर, बिडकीनच्या अलीकडं, गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला आणि गाडीचा जोरच गेला. मुलगी बाभळीच्या विरळ सावलीत उभी राहून माझी वाट बघत होती. मी वाळूजहून पोचलो तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झालेला.

गाडीत बसलो तर तो पंखा अजून ओरडत होता. मी आयुष्यभर हवेच्याच वाटा बनवल्यात. पंखा असा ओरडतो तेव्हा त्याला हवा मिळत नसते, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आवाजाच्या दिशेनं मागच्या सीटच्या कडेला हात फिरवला. कव्हराचं कापड आत ओढलं जात होतं. इलॅस्टिक ताणून कव्हर वर केलं, तर खाली जाळी. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि गार राहायला गाडीतली हवा ती त्याच जाळीतून घेते. ती जाळी कव्हरानं झाकलेली आणि धुळीनं बुजलेली होती. कापडाच्या आतल्या बाजूला धुळीत तिचा चौकोन जसाच्या तसा उमटला होता.

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ती ओढून नेली. उष्णतेनं बॅटरीचे काही सेल बसलेत, बॅटरी बदलावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. थंडीचा संबंध विचारला तर तिथला माणूस म्हणाला, थंडीनं ॲव्हरेज थोडं पडतं, पण ऊन पडलं की सुधारतं. सुधारलं नाही तेव्हाच दाखवायला हवं होतं. आम्ही तर त्याच्याही आधी दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगी जालना रोडला गेलो. मी ते कव्हर त्याच्या टेबलावर उलटं पसरलं. त्यानं धुळीचा चौकोन बघितला, खुर्ची मागं सरकवली.

"सर, ही बाहेरची फिटिंग आहे," तो म्हणाला. "बाहेरची फिटिंग करून हवा अडवली तर गॅरंटी लागू होत नाही."

मला आधी ऐकू आलं ते 'सर'. विकताना मी पाहुणा होतो, आता सर झालो.

"तुमच्या शेडमध्ये तुमच्या माणसांनी चढवलं ते बाहेरचं?"

"बिलावर आहे का, सर?"

वरचं कधी बिलावर येतं का? सगळ्या मराठवाड्यात वर मिळालेली वस्तू कुणी बिलावर घेतलेली मी बघितली नाही. ते त्यालाही ठाऊक होतं. जे त्यानं 'वरचं' म्हणून दिलं, तेच आता 'बाहेरचं' झालं होतं.

"आणि मागितलं कुणी?" तो पुढं म्हणाला. "मी तर देत नव्हतो. तुम्हीच हात धरून ठेवला होता माझा."

शेजारी बसलेलं गिऱ्हाईक हसलं. मी उठलोच होतो, पण मुलीनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"काका," ती म्हणाली, "संक्रांतीला गाडी तुमच्याकडं होती. कव्हरं कुणी काढली होती?"

"धुवायला काढली असतील पोरांनी."

"मग खालची जाळी दिसली असेल."

"आमचं काम धुण्याचं होतं, बेटा. तपासायचं नव्हतं."

"मग बॅटरी निरोगी आहे, हे कशावरून सांगितलं?"

त्यानं चहा सांगितला. चहा आला, तो आमच्यासमोर निवला, आणि आम्ही उठलो.

गाडी आता घरासमोर ताडपत्रीखाली उभी आहे. मुलगी पुन्हा अंधारात रिक्षा धरून क्रांती चौकात जाते, तिथून कंपनीच्या बसनं बिडकीनला. परवा जेवताना ती म्हणाली की पुढची गाडी घ्यायला ती एकटीच जाईल. रागानं नाही, भाजी वाढून घेता घेता म्हणाली. ज्याला अख्खी भावकी शेजारी बसायला नेते, त्याला त्याची मुलगी आता सोबत नेणार नाही.

कव्हर मी मागितलं, हे खरं आहे आणि मला त्याची लाज नाही. मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. कुठं चढवायचं आणि कुठं नाही, हे विकणाऱ्याला माहीत असायला हवं. ते कव्हर मी वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगून ठेवलंय, चौकोन दिसेल असं. येणारे-जाणारे विचारतात, मी सगळ्यांना सांगतो. आता त्यानं सांगावं. संक्रांतीला कव्हर उचललं गेलं तेव्हा बुजलेली जाळी दिसली होती की नव्हती? दिसली होती तर ती पुन्हा झाकून थंडीचं नाव कुणी सांगितलं? दिसली नव्हती तर न बघता 'निरोगी' कुणी म्हटलं? मला 'सर' म्हणू नका आणि चहा मागवू नका. माझ्या मुलीसमोर बसा आणि याचं उत्तर द्या.