पंपात उरलेलं औषध

कोडोलीच्या अंबूबाईंनी भातावर फवारणी बंद केली, तेव्हा अख्खी गल्ली हसली. नवरा गेल्यापासून रान त्या एकट्याच बघतात. शेतीशाळेला वाफा द्यायला एक गडी पुढं आला नाही, बाईंनी दिला. दर आठवड्याला सगळ्यांनी वाफ्यात उतरायचं, भाताची चूड वाकवायची, बुडात रस शोषणारे तुडतुडे किती आणि त्यांना खाणारे कोळी किती ते बघायचं, मगच औषधाचं ठरवायचं. ते दुकानदारानं नाही, शेतकऱ्यानं ठरवायचं, यासाठी शेतीशाळा भरवत मी गावोगाव घसा फोडतोय. बाईंचं पीक टिकलं तर बाकीचेही पंप खाली ठेवणार होते. नाहीतर सगळं मुसळ केरात.

गणपती बसले तोवर भात झकास होतं. नंतर मधोमध बसल्या म्हशीएवढा चट्टा पडला, जळल्यागत. बुडात तुडतुड्यांचा खच आणि कोळी औषधालाही नाही. मला उलगडेना.

शेजारचा आकाराम आपणहून बोलला. त्याच्या रानात मारून पंपात औषध उरलं होतं. वैनी एकट्या, पंप पाठीवर घेणं होत नसेल, म्हणून त्यानं ते यांच्या वाफ्यात मारलं. तोंडावर मदत केल्याचं समाधान. कोळी मेले, तुडतुड्यांची खोडातली अंडी वाचली आणि त्यांना रान मोकळं झालं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

माझं डोकं सटकलं. मी बांध ओलांडणार, तोच बाईंनी दंड धरला.

"गप बसा. उद्या त्येंच्या सोयाबीनला जायाचं हाय मला."

पैरा होता. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तो मोडला तर बाईंचं भात कापायला कोण येणार? त्यांनी वाफ्यातलं पाणी काढून दिलं, वारं खेळावं म्हणून ओळी फाकवल्या आणि दुसऱ्या दिवशी विळा घेऊन आकारामकडं गेल्या. संध्याकाळी त्याला घेऊनच आल्या आणि चूड वाकवायला लावली.

"कोळी न्हाईतच की वो वैनी."

"व्हय. तुम्हीच मारलासा, भावजी."

तो पुढची चूड वाकवून बघायला लागला.

भात निम्मंच हाती लागलं. कापायला आकाराम सगळ्यांच्या आधी हजर होता, पण त्यानं दाणे वाढत नाहीत. बाकीच्यांनी पंप धुऊन पुढच्या हंगामाला तयार ठेवले. शेवटच्या बैठकीत मी विचारलं, पुढच्या साली वाफा कोण देणार? जो तो शेजाऱ्याकडं बोट दाखवायला लागला. ओरडायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

अंबूबाई कंबर धरून उठल्या.

"माझाच घ्या की. पर भवतीनं दोरी बांधा, मदतीला कुणी आत याय नको."