जैनीचा भरती-बोनस

शेवटचं पोस्टिंग मिळालं अहेरीच्या पुढे, जंगलातल्या कॅम्पवर. महिला कंपनीत मी हवालदार. गाव माझं वडशाजवळचं, बोली ओळखीची, म्हणून इकडच्या पोरी बोलायला माझ्याकडेच येत. सकाळी फॉल-इन, मग रोड ओपनिंग, म्हणजे गाड्या निघण्याआधी रस्ता पायी तपासायचा. दुपारी हत्यारं साफ. रोज तेच. पाय दुखायचे, पण सांगायचं कुणाला?

सिपाही जैनी त्याच भागातली, माडिया पोरगी. भरतीच्या वेळी स्थानिक पोरींना एकरकमी पैसे मिळाले होते. त्याला बोनस म्हणत. तिच्या बापानं त्यात बैलजोडी घेतली. पुढे आईला लकवा मारला. घरी तिचं करणारं कुणी नाही. जैनीनं नोकरी सोडायचा अर्ज दिला.

क्लार्कनं बोलावलं. मी सोबत गेले.

“मुदतीच्या आधी नोकरी सोडली तर बोनस परत भरावा लागतो,” तो म्हणाला. “मेडिकल बोर्डानं काढलं तर नाही लागत.”

“वापस काऊन?” जैनी म्हणाली. “तेंदूपत्त्याचा बोनस कोणी वापस मांगते का?”

आता तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडे बोनस म्हटलं की तेंदूपत्त्याचा, नाहीतर धानाचा. पानं तोडून दिली, धान विकलं, मागून पैसे आले. ते आपलेच. मी तिला बाहेर नेऊन समजावलं, “पोरी, तो काम झाल्यावर भेटते. हा काम व्हायच्या आंधी देल्ला हाय.”

“मंग त्याले उधार म्हणा नं बाई! बोनस काऊन म्हणता?”



बराकीत पोरींनी तिला सोडलं नाही. “जैने, बैल आण अन् बांध मेन गेटले!”

“आणीन. शेण मात्र तू काढजो.”

सगळ्या हसल्या. सकाळी तिनं अर्ज मागे घेतला. मला म्हणाली, “बैल विकले तं बाप नांगराले कोणाले जुंपन? मुदत भरतो, मंग जातो.”

मुदत संपत आली होती. त्या सकाळी रोड ओपनिंगला जैनी पुढे, मी मागे. ओढ्यावरच्या रपट्यापाशी तिनं हात वर केला. आम्ही जागीच थांबलो.

“बाई, माती नवी हाय. मांगं राहा.”

तेवढ्यात स्फोट झाला.

मी वायरलेस सेट उचलला. “कंट्रोल, पार्टी दोन. ब्लास्ट. एक जखमी. ओव्हर.”

“पार्टी दोन, हेलिकॉप्टर निघालं. होल्ड करा.”

होल्ड केलं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा जैनी गेली होती. तिच्या मागच्या आम्ही सगळ्या धड होतो.

नंतर क्लार्क मान खाली घालून म्हणाला, “बाई, ड्युटीवर जीव गेला तर बोनसची वसुली होत नाही.” मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता पेन्शनीत आहे. गुडघे गेले. तरी वर्षातून एकदा तिच्या गावी जाते. गावाबाहेर त्यांच्या रीतीनं तिच्यासाठी दगड उभा केलाय. त्याला सॅल्यूट करते, मग घरी जाते. आई अजून खाटेवरच. तिला सगळं सांगितलेलं आहे, पण राहत नाही तिच्या ध्यानात. यंदा माझा हात धरून तिनं तुटक मराठीत विचारलं,

“सोडलं का पोरीले, तुमच्या सायबानं?”

“सोडलं, माय.”