रांजणाखालचं सापाचं औषध

पुन्हा तेच. चहाचा कप पुढे आला की तुम्हा लोकांना रांजणाची गोष्ट पाहिजे. अरे, माणूस जन्मभर दवाखान्यात शिपाई राहिला, पटकीच्या साथीत लोकांची भांडी उचलली, ते कोणी विचारत नाही. रांजण तेवढा साऱ्यांना आठवतो. लिहून द्या म्हणता, म्हणून लिहितो. माझी शाळा दुसरीपर्यंत. चुका निघतील त्या तुमच्या तुम्ही दुरुस्त करा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मधे हसलेलं मला चालत नाही.

अमरावती तेव्हा मुंबई राज्यात गेली होती. चांदूर बाजारच्या पलीकडे एका गावात मी सरकारी दवाखान्यात होतो. गावाचं नाव सांगत नाही, उगाच तिथली माणसं भांडायला येतील. दवाखान्यात आम्ही तिघं. डॉक्टर कोकणातला, तरुण, दिवसभर घाम पुसत बसणारा. कंपाउंडर तायडे, थंड डोक्याचा माणूस. तिसरा मी.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रोगी घरून बाटली घेऊन यायचा. तायडे तिच्यात मिक्श्चर भरायचा. मी कागदाच्या पट्टीला खाचा पाडून ती बाटलीला डकवायचो, एक खाच म्हणजे एक डोस. आणि बाटली हातात देताना सांगायचो, "हलवून घ्या." सारी दवाई मला एवढीच येत होती. गाळ खाली बसतो, हलवला की वर येतो. यात शिकायचं काय आहे?

सापाचं औषध आधी पातळ यायचं. त्याला बर्फ लागायचा. अमरावतीहून मोटारीनं भुशात घालून बर्फ निघायचा आणि आमच्यापर्यंत ओलं पोतं पोचायचं. मग एकदा नवीन औषध आलं. लहानशा काचेच्या बाटल्या, वर रबरी बूच, आणि बुडाशी वाळलेल्या सायीसारखं काहीतरी. सोबत शुद्ध पाण्याच्या बंद नळ्या.

डॉक्टर म्हणाला, "याला बर्फ नको. गोठवून यातलं पाणी काढून टाकलंय. कोरडं ठेवायचं, अंधारात, कपाटात. गरज पडली की पाणी घालायचं."

मी कपाटाकडे पाहिलं. लोखंडी कपाट. मे महिना. त्याला हात लावला तर भाकर भाजायच्या तव्याला लावल्यासारखं व्हायचं. कोकणातल्या माणसाला वऱ्हाडचा उन्हाळा काय कळणार? मी 'हो साहेब' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सरकारी कामानं अमरावतीला गेला आणि मी माझ्या अकलेनं कामाला लागलो. आमच्या घरी लोणी कुठे राहतं? विड्याची पानं कुठे राहतात? रांजणाखालच्या ओल्या वाळूत. दवाखान्याच्या मागच्या पडवीत मोठा रांजण होता, सावलीत, गोणपाटानं गुंडाळलेला. दोन बाटल्या आणि नळ्या मी चहाच्या डब्यात घातल्या आणि डबा वाळूत पुरला. वर हात ठेवून पाहिला. काय गारवा होता. सरकारनं मला बक्षीस द्यायला पाहिजे, असं वाटलं.

उन्हाळ्यात अशीच जागा आणखी कोण शोधतं, हे मनात आलं नाही. नाही आलं तर नाही आलं.

त्याच आठवड्यात, डॉक्टर अजून परतला नव्हता, तेव्हा माझा मोठा साळा, बायकोचा भाऊ पांडुरंग, तिला माहेरी न्यायला अकोल्याकडून आला. सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी माझ्या क्वार्टरमागच्या ढिगातून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या ओढायला गेला आणि तिथून ओरडला. आम्ही धावलो. पायाला दोन टोचे पडलेले, आणि घोणस ढिगाखाली सरपटत जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात नेलं. बायको मागून पळत.

तायड्यानं पाय पाहिला. घोट्यापासून सूज चढायला लागली होती. त्यानं पाय सरळ ठेवून बांधला, स्टोव्ह पेटवला, सुई उकळायला टाकली आणि कपाट उघडलं.

"औषध कोठी हाय?"

"थंड जागी ठेवलं," मी म्हणालो.

"कोण्या थंड जागी?"

"रांजणाखाली."

तायडे मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. तेव्हाही मोठ्यानं बोलला नाही. "काहून बे?" एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "जा, आन. दोनच बाटल्या हायत, दोन्हीबी लागतीन."

मी पडवीत गेलो, गुडघे टेकले, वाळूत हात घातला. डबा हाताला लागला. डब्याभोवती आणखी काहीतरी होतं. मऊ, गार. आधी वाटलं गोणपाट. गोणपाट हालत नाही.

हात ओढेपर्यंत त्यानं पंजा धरला होता. मी झटका मारला, तसं ते सुटलं आणि लांबच्या लांब, पिवळसर, मोरीतून बाहेर गेलं. माझ्या पंजाला रक्त. डबा दुसऱ्या हातात.

आता माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं ते ऐका. पंजा धोतरात गुंडाळला आणि गप्प राहिलो. औषध दोन बाटल्या. दोन्ही एकाला लागणार. आत पडलेला तो दुसऱ्याच्या बायकोचा भाऊ नव्हता, माझ्याच बायकोचा होता. मी म्हणालो, मेलो तर मेलो, माणसासारखा मरू. चांगला विचार होता. अर्धा तास टिकला असता तर आज गावात माझ्या नावाचा ओटा बांधला असता.

तायड्यानं पहिल्या बाटलीत पाणी सोडलं आणि ती माझ्या हातात दिली, कारण त्याला सुई काढायची होती.

"हे धर. हळूहळू फिरव. इरघळाले येळ लागते."

मी हलवली. कशी हलवली म्हणता? जन्मभर सांगत आलो तशी. वर खाली, वर खाली, दम लागेपर्यंत. त्यात अंगात विष चढतंय ही भीती, म्हणून आणखी जोरात. बाटलीत पाहतो तर औषध दिसेना. नुसता फेस. साबणाचं पाणी बरं. तायड्यानं सुई घातली, दट्ट्या ओढला, पिचकारीत बुडबुडे आले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे दवाई हाय का ताक हाय?"

"हलवून घ्या म्हणते ना आपण."

"ते मिक्श्चरले म्हणते, बह्याडा. याले नाही. आता हा फेस खाली बसेपर्यंत हे वापरता येत नाही."

त्यानं दुसऱ्या बाटलीत पाणी सोडलं आणि ती स्वतः दोन्ही तळव्यांत घेऊन वात वळतात तशी वळत बसला. हळू. इतकं हळू की मला ओरडावंसं वाटलं. पांडुरंगाला घाम सुटला होता. बायको त्याच्या उशाशी पदर चावत बसली होती. माझा पंजा ठणकायला लागला. मग दंड. मग मला वाटलं की जीभ जड झाली. मग डोळ्यांपुढे अंधारी.

म्हणजे आता चांगलं औषध एकच बाटली. आणि मरणारे आम्ही दोघं.

माझा धीर त्या फेसासारखा बसत गेला. बाटलीत साय विरघळून पाणी निवळ झालं, तायड्यानं पिचकारी भरली, आणि मी धोतरातून पंजा बाहेर काढला.

"तायडेभाऊ, मले द्या. मलेबी डसला. रांजणाखाली साप होता."

सुई हवेतच राहिली.

"काय म्हणून राहिला तू?"

"नाग होता. मी मरून राहिलो. याचं वय झालं, मी उलीसा लहान हाय त्याच्याहून. मले द्या पयले."

हे मी म्हणालो. आता लपवून काय करू, तिघांनी ऐकलंच आहे.

पांडुरंगानं डोळे उघडले. ओठ सुकलेले, पाय केळीच्या खांबासारखा. म्हणतो कसा, "द्या त्याहिले. जवाई हायत. माह्या बहिणीच्या कुंकवाचं पाहा. मी थांबतो."

मी तायड्यापुढे हात केला. तेवढ्यात बायको उठली. माझा हात तिनं बाजूला सारला, जसा स्वयंपाकघरात मांजराला सारतात.

"आधी दादाले. कुंकवाचं मंग पाहू."

तायड्यानं माझा पंजा धरून उजेडाकडे नेला. पाहिला. उलटा केला, पुन्हा पाहिला.

"साप कसा होता?"

"लांब. पिवळा. मोरीतून गेला."

"फणा काढला?"

"मले काय दाखवाले बसला होता तो?"

"हे दोन दात नाहीत, किसनराव. ही बारीक दातायची रांग हाय. सूज नाही, काही नाही. धामण होती. बेंडकासाठी बसली असन गारव्याले. साबणानं धुवा आन तिकडे जाऊन बसा. आन त्या बाटलीले हात लावू नका."

आणि तो पांडुरंगाकडे वळला. आधी थोडं कातडीत टोचून पाहिलं, वाट पाहिली, मग सावकाश दिलं. मी कोपऱ्यात बसलो. जीभ हलवून पाहिली, हलत होती. अंधारी गेली होती. दंडही दुखत नव्हता. विष नसलं की माणूस किती लवकर बरा होतो.

दुपारपर्यंत फेस बसला. तायड्यानं ती बाटली उजेडात धरून दहा वेळा पाहिली आणि तीही दिली. तोवर आम्ही चौघं त्या बाटलीकडे पाहत बसलो होतो, देवाकडे पाहावं तसं. संध्याकाळी सूज गुडघ्याखालीच थांबली. पांडुरंगानं पाणी मागितलं. मी उठलो, तर बायको म्हणाली, "तुमी नका, मीच देतो." पुढे तो चालायला लागला आणि अकोल्याला गेला.

डॉक्टर आल्यावर त्याची माफी मी मागितली. कपाटात ठेव म्हणालेल्या माणसानं बरोबरच सांगितलं होतं. तायड्याची मागितली. पांडुरंगाचे तर पाय धरले, एक सुजलेला, एक बरा. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या जवाई, जीव कोणाले नको असते."

माझी माफी मागायची मात्र एकीची अजून बाकी आहे. मला मागे का सारलं विचारलं की बायको म्हणते, "मले मालूम होतं ते धामण हाय." खोटं, साफ खोटं. ती तेव्हा उशाशी बसली होती, धामण मोरीतून गेली. आमच्यात नवरे बायकोचं नाव घेत नाहीत, मी जन्मभर घेतलं नाही. आज लिहून घेतो, म्हणजे कोणाबद्दल बोलतोय ते पुराव्यानिशी राहील. अनसूया किसन ठाकरे.